८.९९ टीएमसीचा हिशेब : ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यातील २०१८-१९ या जलवर्षाचे प्रकरण

ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील धरणांतून पैठणच्या जायकवाडी धरणासाठी ८.९९ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे सुमारे २५५ दशलक्ष घनमीटर, पाणी सोडण्याचा आदेश काढला. त्यात मुळा धरणाचा वाटा १.९० टीएमसी, भंडारदरा आणि निळवंडे मिळून प्रवरा समूहाचा ३.८५, दारणा समूहाचा २.०४, आणि गंगापूर व पालखेड समूहांचा प्रत्येकी ०.६० टीएमसी होता. आदेशाविरुद्ध आंदोलने झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, स्थगिती मिळाली नाही आणि पाणी सुटले. तरीही पुढच्या उन्हाळ्यात जायकवाडीचा जिवंत, म्हणजे कालव्यांत सोडता येणारा, साठा संपला, पिण्यासाठी त्याखालच्या मृतसाठ्यातून उपसा करावा लागला; आणि ऑगस्ट २०१९ मध्ये नाशिककडून आलेल्या पुराने तेच धरण काही दिवसांत नव्वद टक्क्यांच्या आसपास भरले, तेव्हा खुद्द मराठवाड्यात पावसाने ओढ दिलेली होती.

दहा महिन्यांतल्या या तीन घटना एकत्र वाचल्या, तर या खोऱ्याचे जलविज्ञान आणि त्यावर बेतलेली वाटपाची पद्धत यांच्यात नेमके कोठे बिनसते ते दिसते. या वादाची सार्वजनिक चर्चा जवळजवळ पूर्णपणे टक्केवारीभोवती फिरते : जायकवाडीत किती टक्के, वर किती टक्के, तूट किती. प्रस्तुत लेखकाच्या मते टक्केवारीइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा प्रश्न तारखेचा आहे.

खोऱ्याची घडण

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पैठणला पोहोचेपर्यंत सुमारे २१,७५० चौरस किलोमीटर पाणलोट क्षेत्राचे पाणी गोळा करते. हे क्षेत्र कागदावर एकच खोरे असले तरी पावसाच्या दृष्टीने त्याचे दोन अगदी असमान तुकडे आहेत. इगतपुरी-त्र्यंबक-भंडारदरा या सह्याद्रीच्या माथ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात वर्षाला दोन ते तीन हजार मिलिमीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला चाळीस-पन्नास किलोमीटरवर असलेल्या नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास उरतो, आणि सिन्नर, कोपरगाव, वैजापूर या अवर्षणप्रवण तालुक्यांत जेमतेम पाचशेवर येतो. पाणलोटाचा बहुतांश भाग या दुसऱ्या, निमकोरड्या तुकड्यात मोडतो. धरणात येणारे भरवशाचे पाणी मात्र पहिल्या तुकड्यातून येते.

याचा अर्थ असा की जायकवाडीचा येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, पैठणच्या आभाळावर ठरत नाही. कोरड्या तुकड्यात पाचशे मिलिमीटर पाऊस बेताबेताने पडला, तर काळी जमीन तो पिऊन टाकते, बंधारे आणि पाझर तलाव उरलेला अडवतात आणि नदीपर्यंत फारच थोडे पोहोचते. त्यामुळे मराठवाड्यात बरा पाऊस होऊनही धरण न भरणे आणि मराठवाडा कोरडा असताना धरण भरणे, या दोन्ही गोष्टी या खोऱ्यात नियमाला धरूनच आहेत. ऑगस्ट २०१९ चे वर्तमानपत्री कौतुक, म्हणजे ‘पाऊस नसताना धरण भरले’, हे जलविज्ञानाच्या दृष्टीने मुळीच आश्चर्य नव्हते.

भूगर्भाची बाजूही लक्षात घ्यावी लागते. सगळे खोरे दख्खनच्या बेसाल्टवर वसलेले आहे. या काळ्या कातळात पाणी साठते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खालच्या फटी-भेगांत. साठवणक्षमता एकूण घनफळाच्या एक ते तीन टक्क्यांच्या घरातली. नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्या सोडल्या तर पावसाळ्यात भरलेली विहीर फेब्रुवारी-मार्चपर्यंत तळ गाठते. म्हणूनच नदीतून वाहणारे पाणी काठावरच्या विहिरींना फार लवकर ‘लागते’. नदी वाहती झाली की आजूबाजूच्या विहिरींची पातळी उचलते, आणि हे उचललेले पाणी कोणत्याही धरणाच्या नोंदवहीत दिसत नाही.

वरच्या धरणांचा इतिहास आणि खालचे धरण

या खोऱ्यात सिंचनाची मोठी कामे ब्रिटिश अमदानीत दुष्काळ निवारणासाठी सुरू झाली. दारणा धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले, भंडारदरा १९२६ मध्ये. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीचे डावा आणि उजवा कालवा निघाले, प्रवरेवरच्या ओझर बंधाऱ्यावरून प्रवरा कालवे निघाले. उद्देश होता ज्वारी-बाजरीला आणि जनावरांच्या चाऱ्याला आधार देण्याचा. पण कालव्यांचा खर्च भागवायचा तर भरपूर पाणीपट्टी देणारे पीक हवे होते, आणि ते उसाच्या रूपाने मिळाले. ऊस-ब्लॉकची, म्हणजे ठरावीक क्षेत्राला उसासाठी कालव्याचे पाणी राखून देण्याची, पद्धत, नंतर १९५० मध्ये प्रवरानगरला सुरू झालेला सहकारी साखर कारखाना आणि त्याच्या मागोमाग उभी राहिलेली कारखान्यांची रांग यांनी कोरड्या तुकड्याच्या मध्यभागी बारमाही पाण्याची मागणी पक्की केली. स्वातंत्र्यानंतर गंगापूर, मुळा, पालखेड समूहातील धरणे, मुकणे आणि शेवटी निळवंडे अशी भर पडत गेली.

जायकवाडी या साखळीच्या पायथ्याशी आहे. त्याची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी केले. धरणाची जागा पैठण. नाव मात्र बीड जिल्ह्यातल्या, मूळ प्रस्तावातल्या गावाचे राहून गेले. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातला जिवंत साठा २,१७१, म्हणजे ७६.६५ टीएमसी, आणि मृतसाठा ७३८, म्हणजे २६ टीएमसी. मृतसाठ्याचा हा आकडा मुद्दाम पाहण्यासारखा आहे : संपूर्ण भरलेल्या मुळा धरणाइतके पाणी जायकवाडीच्या तळाशी नेहमी पडून असते, आणि संकटाच्या वर्षी शहरांना तेच वाचवते.

जायकवाडीचे मूळ नियोजन करताना पैठणपर्यंतच्या खोऱ्यात ७५ टक्के विश्वासार्हतेने किती पाणी मिळेल याचा अंदाज बांधून वरच्या भागाचा वापर त्यातून वजा केला गेला आणि उरलेल्यावर धरणाची क्षमता ठरली. पुढील दशकांत दोन्ही बाजूंनी हा हिशेब फिरला. नंतरच्या अभ्यासांत येव्याचा अंदाज लक्षणीय कमी निघाला. आणि वरच्या बाजूला धरणे, लहान प्रकल्प, पाझर तलाव, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे वाढत गेले. ७५ टक्के विश्वासार्हता म्हणजे चारपैकी तीन वर्षांत तेवढे पाणी मिळण्याची अपेक्षा. चौथ्या वर्षाचे काय करायचे हे नियोजनात लिहिलेले नव्हते. भांडण नेहमी त्या चौथ्या वर्षीच उभे राहते.

आंतरराज्य बाजूने मात्र हे खोरे मोकळे आहे. ऑक्टोबर १९७५ मध्ये महाराष्ट्र आणि तत्कालीन आंध्र प्रदेश यांच्यात झालेल्या आणि पुढे गोदावरी जलतंटा लवादाच्या १९८० च्या निवाड्यात समाविष्ट झालेल्या करारानुसार पैठण धरणापर्यंतचे सर्व पाणी वापरण्यास महाराष्ट्राला मुभा आहे. त्यामुळे येथे बोट दाखवायला शेजारचे राज्य नाही. जो काही निवाडा व्हायचा तो एकाच राज्याच्या, एकाच जलसंपदा विभागाच्या आत.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२(६)(ग) मध्ये टंचाईची झळ नदीखोऱ्यात किंवा उपखोऱ्यात सारखी वाटून घ्यावी, आणि त्यासाठी ऑक्टोबरअखेर सर्व जलाशयांतील वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी, खरीप वापर धरून, साधारण सारखी राहील अशा रीतीने साठ्यांचे नियंत्रण करावे, अशी तरतूद आहे. ‘खरीप वापर धरून’ हे शब्द फार मोलाचे आहेत. वरच्या धरणांनी जुलै-ऑगस्टमध्ये कालवे चालवून पाणी वापरले आणि ऑक्टोबरमध्ये ‘आमच्याकडेही फारसे नाही’ असे सांगितले, तर ती पळवाट या शब्दांनी बंद होते.

तरतूद २००५ ची असली तरी तिची अंमलबजावणी कशी करायची याचा तांत्रिक आराखडा २०१३ मध्ये मेंढेगिरी अभ्यासगटाच्या अहवालाने दिला. पावसाच्या प्रमाणानुसार वरच्या प्रत्येक समूहात किती साठा ठेवायचा आणि जायकवाडीत किती असला म्हणजे सोडायचे नाही, याची पायऱ्या-पायऱ्यांची कोष्टके त्यात होती. प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने ती स्वीकारली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ च्या निकालात कलमाची वैधता उचलून धरली. व्यवहारात सगळ्यांच्या तोंडी राहिला तो एकच आकडा : १५ ऑक्टोबरला खरीप वापरासह जायकवाडीचा जिवंत साठा ६५ टक्के, म्हणजे सुमारे ४९.८ टीएमसी, भरत असेल तर वरून पाणी सोडायचे नाही. त्याखाली असेल तर वरच्या समूहांनी कोष्टकानुसार तूट भरून द्यायची.

२०१८ च्या आधी ही कसोटी सर्वांत कडकपणे लागली ती २०१५ मध्ये. तेव्हा १२.८४ टीएमसी सोडण्याचा आदेश होता, त्यात प्रवरा समूहाचा वाटा तब्बल ६.५० टीएमसी होता. त्याच वर्षी नाशिकला कुंभमेळा होता आणि शाही स्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडण्याचा प्रश्न न्यायालयापुढे आला होता. टंचाईच्या वर्षी कोणाची मागणी ‘पिण्याचे पाणी’ ठरते आणि कोणाची नाही, याची चुणूक तेथे मिळाली.

ऑक्टोबर २०१८

२०१८ चा पावसाळा या खोऱ्याच्या दुहेरी स्वभावाचा जवळजवळ शालेय नमुना होता. घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस झाला, दारणा-भंडारदऱ्यासारखी माथ्याची धरणे चांगली भरली. पुढे पावसाने पाठ फिरवली आणि परतीच्या पावसाने, ज्यावर मराठवाड्याची रब्बी अवलंबून असते, पूर्ण दगा दिला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जायकवाडी ६५ टक्क्यांच्या रेषेखाली होते, वरची धरणे रेषेच्या बरीच वर होती, आणि कोष्टक लावल्यावर निघालेला आकडा होता ८.९९.

आता हा आकडा नदीत उतरल्यावर त्याचे काय होते ते पाहू, कारण प्रकरणाचा गाभा येथे आहे.

वरच्या पाच स्रोतांचे मार्ग सारखे नाहीत. मुळा धरण जायकवाडीच्या फुगवट्यापासून (धरणामागे नदीपात्रात पसरलेल्या पाण्यापासून) त्या मानाने जवळ आहे. त्याचे पाणी मुळेतून प्रवरेत आणि प्रवरासंगम येथे गोदावरीच्या पाणफुगवट्यात मिळते. भंडारदरा-निळवंड्याचे पाणी मात्र अकोले, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे असा प्रवरेचा जवळजवळ पूर्ण प्रवास करते. दारणा आणि कादवा या नद्या नांदूर मधमेश्वरच्या वरच गोदावरीला मिळतात. तेथून पुढे गोदावरी कोपरगाव, वैजापूर, श्रीरामपूर या तालुक्यांच्या कडेने, निव्वळ कोरड्या मुलखातून वाहते. गंगापूरचे ०.६० आणि पालखेडचे ०.६० टीएमसी याच मार्गाचे. एवढे थोडे पाणी एकटे सोडले असते तर त्यातला मोठा हिस्सा पात्रातच जिरला असता. दारणेच्या विसर्गाबरोबर सोडल्यानेच त्याला अर्थ राहतो.

या पात्रांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी किंवा काँक्रीटच्या खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळाभर त्या मोकळ्या ठेवतात आणि पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये त्यांत फळ्या बसवून शेवटचे वाहते पाणी अडवतात. जुन्या बंधाऱ्यांत लाकडी फळ्यांच्या दोन ओळी आणि मध्ये ठासलेली माती, नव्यांत लोखंडी फळ्या आणि रबरी पट्ट्या. बंधाऱ्याच्या लाभधारकांचे वर्षातले सर्वांत निकडीचे काम हेच, कारण ते आठ-दहा दिवस लांबले तर अडवायला पाणीच उरत नाही. आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात जायकवाडीचा आदेश येतो : फळ्या काढा. भरलेल्या बंधाऱ्याच्या फळ्या पाण्याच्या दाबाखाली काढणे हे बसवण्यापेक्षा कितीतरी अवघड असते, शिवाय काढलेल्या फळ्या विसर्ग संपल्यावर परत बसवल्या तरी पाणी पूर्वीच्या पातळीला येत नाही. म्हणून बंधाऱ्यावर पोलीस बंदोबस्त लागतो, नदीकाठच्या कृषिपंपांचा वीजपुरवठा ठरावीक तास बंद ठेवावा लागतो, आणि तरीही डिझेल इंजिने चालतात ती चालतातच.

पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर ही लाट तीन ठिकाणी झिजते. पहिले, कोरडे पडू लागलेले वाळूचे पात्र आणि खोल डोह भरून काढण्यात. ही झीज विसर्गाच्या पहिल्या दिवसांत सर्वाधिक असते आणि विसर्ग मोठा व सलग असेल तर प्रमाणात कमी होते. दुसरे, काठावरच्या विहिरींची उतरलेली पातळी उचलण्यात. तिसरे, प्रत्यक्ष उपशात. बाष्पीभवनाचा वाटा नोव्हेंबरच्या थंड हवेत किरकोळच. यातली दुसरी झीज ही खोऱ्याच्या दृष्टीने तोटा नाही, कारण ते पाणी कोणाच्या तरी रब्बीला उपयोगी पडते. पण जायकवाडीच्या हिशेबात ते ‘वहनव्यय’, म्हणजे वाटेत कमी झालेले पाणी, या एकाच खान्यात जाते. झीज, चोरी आणि भूजलभरण एकाच खान्यात टाकल्यामुळे दरवर्षी दोन्ही बाजूंना आपापला आकडा सांगण्याची सोय होते.

उथळ जलाशयाचा प्रश्न

नगर-नाशिककडून जायकवाडीविरुद्ध मांडला जाणारा सर्वांत सबळ तांत्रिक मुद्दा बाष्पीभवनाचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, पसारा पूर्ण भरल्यावर सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर होतो. एकूण साठ्याला या क्षेत्रफळाने भागले तर सरासरी खोली सव्वाआठ मीटरच्या आसपास येते. धरण पठारावर आहे, दरीत नाही. पाणी खोल साठत नाही, पसरते. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर दर शंभर चौरस किलोमीटर पाण्यावरून रोज आठ लाख घनमीटर उडून जाते, म्हणजे साधारण पस्तीस दिवसांत एक टीएमसी. आणि उन्हाळ्यातही पाण्याचा पसारा शंभर चौरस किलोमीटरच्या बराच वर असतो. त्या मानाने भंडारदऱ्यासारखे खोल, घाटातले जलाशय दर टीएमसीमागे फार कमी गमावतात.

तेव्हा निव्वळ पाणी वाचवायचे तर ते वरच ठेवावे, हा युक्तिवाद भौतिकदृष्ट्या बरोबर आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष तेवढा सरळ नाही. पाणी वर ठेवले म्हणजे ते खालच्यांसाठी ठेवले असे होत नाही. ते वरच्या कालव्यांत जाते. खालच्यांच्या नावावर वर साठा राखून, मार्च-एप्रिलमध्ये गरजेनुसार सोडायचा म्हटले तर पात्र अधिक कोरडे, विहिरी अधिक खोल आणि ऊन अधिक तापलेले असते. बाष्पीभवनात वाचवलेले वहनव्ययात जाते. बाष्पीभवनाचा मुद्दा मांडताना हे दुसरे अर्धे सांगितले जात नाही.

जायकवाडीच्या लाभक्षेत्राकडेही त्याच कठोरपणे पाहिले पाहिजे. प्रकल्पाची आखणी आठमाही (उन्हाळ्यात पाणी न लागणारी, खरीप-रब्बीची) पिके डोळ्यांसमोर ठेवून झाली होती. प्रत्यक्षात तेथेही ऊस वाढला आणि कारखाने उभे राहिले. उसाला शेतावर हेक्टरी वीस हजार घनमीटर पाणी धरले तर एक टीएमसीत जेमतेम चौदाशे हेक्टर ऊस होतो. ८.९९ टीएमसी पूर्णच्या पूर्ण, एक थेंबही न झिजता, शेतावर पोहोचले असते तरी साडेबारा-तेरा हजार हेक्टर उसाला पुरले असते, एवढीच त्याची व्याप्ती. ज्या आदेशासाठी दोन विभाग समोरासमोर उभे ठाकले, त्याचे प्रमाण खोऱ्यातल्या पीकरचनेच्या मानाने एवढे लहान आहे. तेच पाणी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना आणि वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींच्या पिण्याच्या व वापराच्या मागणीशी ताडून पाहिले तर मोठे आहे. विसर्गाच्या आदेशाला ‘पिण्यासाठी’ हे विशेषण नेहमी लागते. धरणात पोहोचल्यावर मात्र पिण्याचे पाणी आणि उसाचे पाणी असे दोन जलाशय नसतात.

‘नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा’ हे चित्रही नकाशावर टिकत नाही. वैजापूर आणि गंगापूर (नाशिकच्या गंगापूर धरणाहून वेगळे) हे मराठवाड्यातले तालुके नांदूर मधमेश्वर जलद कालव्यामार्फत नाशिक जिल्ह्यातल्याच धरणांवर अवलंबून आहेत; तेथील शेतकऱ्यासाठी जायकवाडीला सोडलेले पाणी म्हणजे दारातून गेलेले पाणी. उलट नेवासे-शेवगावच्या काही भागाला जायकवाडीचा फुगवटा हाताशी आहे. प्रशासकीय विभागाची सीमा आणि लाभाची सीमा एक नाही.

तारखेचा प्रश्न

२०१८-१९ मध्ये विसर्ग झाला, तरीही उन्हाळ्यात मृतसाठ्यावर यावे लागले. यावरून विसर्ग निरुपयोगी होता असे म्हणणे चूक ठरेल. तो नसता तर मृतसाठा आणखी लवकर लागला असता. परंतु हा विसर्ग जलविज्ञानाच्या दृष्टीने महागड्या वेळी झाला हे खरे आहे. ऑगस्टच्या अखेरीस वरची धरणे भरत आलेली असतात, नद्या वाहत्या असतात, पात्र ओले असते, विहिरी भरलेल्या असतात, बंधाऱ्यांच्या फळ्या काढलेल्याच असतात आणि पिकांना पावसाचे पाणी असल्याने उपसाही थोडा असतो. त्या वेळी सोडलेला एक टीएमसी पैठणला जवळजवळ पूर्ण पोहोचतो. नोव्हेंबरमध्ये तोच पाणीसाठा पाठवण्यासाठी फळ्या काढाव्या लागतात, वीज तोडावी लागते, बंदोबस्त लावावा लागतो.

कायद्याने ऑक्टोबर का निवडला याचे कारण उघड आहे : पावसाळा संपल्याशिवाय टंचाई किती हे कळत नाही. सप्टेंबरमध्ये पाणी सोडले आणि परतीच्या पावसाने जायकवाडी आपोआप भरले तर वरच्यांचे पाणी वाया गेले असे होईल, आणि अशी वर्षे येतात. २०१९ ते २०२२ अशी सलग चार वर्षे धरण भरले. त्या काळात कोणी सप्टेंबरचा नियम लावला असता तर तो हास्यास्पद ठरला असता. म्हणून सरसकट तारीख अलीकडे आणणे हा उपाय नव्हे. वरच्या जलाशयांचे साठे ऑगस्टअखेर, सप्टेंबरच्या मध्याला आणि सप्टेंबरअखेर अशा टप्प्यांत जायकवाडीशी ताडून, वरचे जवळजवळ भरलेले आणि खालचे फारच रिकामे असेल तेव्हाच, मर्यादित प्रमाणात पूरपाणी नदीत जाऊ द्यायचे. कालव्यांना दिले जाणारे ‘ओव्हरफ्लोचे आवर्तन’ (धरण भरल्यावर जादा पाण्यातून दिलेली पाण्याची पाळी) तेवढे कमी करायचे. आणि १५ ऑक्टोबरच्या अंतिम हिशेबात हे सोडलेले पाणी वरच्या समूहांच्या खात्यावर जमा धरायचे. वरच्या धरणांच्या परिचालनाचा हा बदल झाला, तर ऑक्टोबरच्या आदेशाचा आकडा लहान राहील आणि कित्येक वर्षी शून्यही होईल. याला नव्या कायद्याची गरज नाही. ‘साठ्यांचे नियंत्रण ऑक्टोबरअखेरपर्यंत’ करण्यास कलम सांगते, ते ऑक्टोबरमध्येच सुरू करावे असे कोठेही म्हणत नाही.

अडचण आहे ती विश्वासाची आणि मोजमापाची. सप्टेंबरमध्ये सोडलेले पाणी जमेस धरले जाईल यावर वरच्या पाणी वापर संस्थांचा भरवसा बसायला हवा, आणि त्यासाठी नांदूर मधमेश्वर, प्रवरेवरचा ओझर बंधारा आणि प्रवरासंगम अशा ठिकाणी विसर्गाची तासागणिक मोजणी जाहीर व्हायला हवी. नदीकाठच्या विहिरींची पातळी विसर्गाच्या आधी आणि नंतर मोजली, तरच वहनव्ययातले भूजलभरण किती आणि चोरी किती हे वेगळे काढता येईल. भूजल अजून या हिशेबाच्या बाहेरच आहे : समन्यायी वाटपाचे कलम जलाशयात साठलेल्या पाण्याबद्दल बोलते, आणि २००९ चा भूजल कायदा विहिरींबद्दल, पात्रापासून दोनशे मीटरवरची विहीर या दोहोंच्या मधल्या फटीत पडते, मग तिचा मालक कोपरगावचा असो की पैठणचा.

२०२३ मध्ये परिस्थिती पुन्हा जुळून आली. जायकवाडीचा जिवंत साठा ऑक्टोबरमध्ये निम्म्याच्या आत होता आणि ३० ऑक्टोबरला ८.६०३ टीएमसीचा आदेश निघाला : मुळा २.१०, प्रवरा ३.३६, गंगापूर ०.५०, दारणा २.६४३. पुन्हा याचिका, पुन्हा सर्वोच्च न्यायालय, पुन्हा स्थगितीला नकार. पण या सगळ्यात नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला आणि मगच पाणी सुटले. आदेशाचा आकडा २०१८ च्या जवळपासचाच होता, पात्र मात्र आणखी तीन-चार आठवडे वाळलेले होते.

त्यानंतर मेंढेगिरी अहवालाचा फेरविचार करण्यासाठी नेमलेल्या मांदाडे अभ्यासगटाने ६५ टक्क्यांची मर्यादा ५८ वर आणण्याची शिफारस केली आणि चर्चा पुन्हा टक्केवारीवर गेली. सात टक्क्यांचा फरक म्हणजे जायकवाडीच्या जिवंत साठ्यातले सुमारे ५.४ टीएमसी. २०१८ किंवा २०२३ च्या आदेशाशी तो ताडला, तर नव्या मर्यादेत त्या दोन्ही वर्षांचा विसर्ग निम्म्याहून खाली आला असता, आणि विसर्ग जितका लहान तितका त्यातला पात्रात जिरणारा हिस्सा मोठा. ५८ ची शिफारस स्वीकारायची असेल, तर उरलेला लहान विसर्ग नोव्हेंबरच्या कोरड्या पात्रातून पाठवण्याचे समर्थन आणखी अवघड होते. ६५ कायम ठेवायची असेल, तरी कित्येक टीएमसी पाणी फळ्या, पंप आणि याचिका यांच्यामधून काढत न्यावे लागते. दोन्ही आकड्यांचा कस लागायचा तर त्यासोबत ऑगस्ट-सप्टेंबरच्या परिचालनाचे कोष्टक जोडले गेले पाहिजे, आणि त्या कोष्टकातले पहिले आकडे पुढच्या पावसाळ्यात नांदूर मधमेश्वरच्या दरवाज्यांवर मोजलेले असले पाहिजेत.